‘ट्रॉलीचा जॅक’ मागण्याआधी: १० टनी बॉटल जॅकचं परीक्षण

लातूर, परभणी किंवा जालन्याच्या हार्डवेअर दुकानात जाऊन ‘ट्रॉलीचा जॅक द्या’ एवढंच म्हटलं, तर चारपैकी कोणतीही वस्तू समोर येऊ शकते. डंपिंग ट्रॉली मागे उलटवणारा, टप्प्याटप्प्याने उघडणारा लांब सिलिंडर, त्यालाही जॅकच म्हणतात. ट्रॅक्टरपासून ट्रॉली सोडवल्यावर पुढची दांडी टेकवायला जो स्क्रूचा पाय फिरवून खाली सोडतात, तोही जॅक. गॅरेजमध्ये चाकांवर सरकवत कारखाली घालतात तो ‘ट्रॉली जॅक’. त्याचा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीशी काडीचा संबंध नाही. आणि पंक्चर झालेलं चाक उचलायचा, बाटलीच्या घडणीचा, तो बॉटल जॅक. हे परीक्षण या चौथ्याचं आहे. ऊसवाहतुकीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या टूलबॉक्सजवळ जो बांधलेला असतो तो, १० टनी, हँडलने पंप करायचा हायड्रोलिक बॉटल जॅक.

दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. घोळ त्या इंग्रजी शब्दातच आहे, आणि तो घोळ समजून घेतला की ही वस्तू काय करते आणि काय करत नाही, हेही कळतं. म्हणून आधी थोडं शब्दाबद्दल.

जॅक हे मुळात माणसाचं नाव. जॉनचं लाडकं रूप. जॅनकिन, जॅकिन असं घासत घासत जॅक झालं. फ्रेंच ‘जाक’ कानाला जवळचा वाटतो, पण तो याकोबापासून आलेला आणि जॉन योहानापासून, म्हणजे घराणी दोन. मध्ययुगात इंग्लंडमध्ये हे नाव इतकं सर्रास होतं की ‘जॅक’ म्हणजे कोणीही साधा गडी, हरकाम्या पोऱ्या, असाच अर्थ झाला. लाकूडतोड्या तो लंबरजॅक, सगळी कामं थोडीथोडी येणारा तो जॅक ऑफ ऑल ट्रेड्स. पत्त्यांमध्येही हाच माणूस आहे. इंग्रजीत त्या पानाला आधी ‘नेव्ह’ म्हणत, त्याचाही अर्थ मूळचा पोरगा, नोकर. पुढे पानांच्या कोपऱ्यात अक्षरं छापायला लागले तेव्हा किंगचा ‘के’ आणि नेव्हचा ‘केएन’ यांची गल्लत व्हायला लागली, म्हणून १९ व्या शतकात ‘जे’ आणि जॅक रुळला. आपण त्याच पानाला गुलाम म्हणतो. मेंढीकोट खेळणाऱ्या कुणालाही इंग्रजी न शिकता जॅकचा खरा अर्थ ठाऊक असतो.

मग पोऱ्याचं काम करणाऱ्या अवजारांना पोऱ्याचंच नाव पडत गेलं. बूट ओढून काढायला नोकर लागे. टाच अडकवायची खाचेची फळी आली, तिचं नाव बूटजॅक. स्वयंपाकघरात भट्टीसमोर मांसाची सळई तासन् तास फिरवायला पोरगा बसवत. ते काम वजनावर आणि दातेरी चाकांवर चालणाऱ्या यंत्राकडे गेलं, तेही जॅकच. सुताराचा पहिला, ओबडधोबड लाकूड काढणारा रंधा म्हणजे जॅक प्लेन. बारीक कामाचे रंधे नंतर. ओझं खालून वर रेटणारं यंत्र याच रांगेतलं. दहा माणसांनी पहारी लावून जे उचलावं ते एक ‘गडी’ उचलतो, म्हणून जॅक.

मराठीत ‘जॅक लावणे’ म्हणजे वशिला लावणे, ही आपली भर. स्वतःच्या जोरावर न हलणारी गोष्ट कुणीतरी खालून रेटून वर न्यायची, हा अर्थ यंत्र पाहिलेल्या माणसालाच सुचू शकतो.

याच शब्दाला मागून चिकटलेली परकी मंडळीही आहेत. जॅकफ्रूट, म्हणजे आपला फणस, त्यातला जॅक हा जॉन नव्हे. मल्याळम ‘चक्का’, त्याचं पोर्तुगीजांनी ‘जाका’ केलं, इंग्रजांनी जॅक. जॅकलचंही तसंच: संस्कृत शृगालाच्या कुळातला फारसी ‘शगाल’, तुर्कीतला ‘चाकाल’, तिथून इंग्रजीत जॅकल. बालाघाटच्या डोंगरात रात्री ओरडतो तो कोल्हा इंग्रजीत गेला तो असा. जॅकेट मात्र फ्रेंच ‘जाक’ या आखूड अंगरख्यावरून आलं, आणि तो अंगरखा बहुतेक तिकडच्या शेतकऱ्याच्या टोपणनावावरून. जॅकपॉट पोकरमधला: हातात किमान गुलामाची जोडी असल्याशिवाय डाव उघडता येत नसे आणि पैसे साठत जात.

आता वस्तूकडे.

१० टनी बॉटल जॅकचं वजन ६ ते ७ किलोच्या आसपास असतं, बंद उंची २० ते २३ सेंमी, पंप केल्यावर रॅम, म्हणजे आतून वर सरकणारा जाड दांडा, आणखी १२ ते १५ सेंमी वर येतो, आणि डोक्यावरचा स्क्रू हाताने फिरवून ६ ते ८ सेंमी जास्तीचे मिळतात. बनावटीगणिक आकडे थोडे बदलतात. जॅकच्या अंगावरच्या पट्टीवर टन, बंद उंची आणि उचल हे तीनही लिहिलेलं असायला हवं. नुसते ‘१० टन’ लिहिलेला घेऊ नये. ज्याने बंद उंची लिहिलेली नाही त्याने बाकीचं मोजलं असेल याची खात्री नसते.

आत काय चालतं ते थोडक्यात. खाली दोन भोकं जोडलेली: एकात बारीक दट्ट्या, दुसऱ्यात जाड रॅम, भोवती तेलाची टाकी. दट्ट्या वर गेला की टाकीतलं तेल एका छऱ्याखालून आत येतं; दट्ट्या दाबला की तो छर्रा बसतो, दुसरा छर्रा उघडतो आणि तेल रॅमखाली शिरतं. दट्ट्या १२ मिमी आणि रॅम ४० मिमी धरला तर क्षेत्रफळात साधारण ११ पटींचा फरक पडतो. हँडलची लांबी ५० सेंमी आणि हँडल ज्या पिनेवर फिरतं तिच्यापासून दट्ट्या अडीच सेंमीवर असेल तर तिथे २० पट. दोन्ही मिळून २२० पट. म्हणजे ४ टन भार असलेलं चाक उचलायला हातावर १८ किलोचा जोर, घर्षण धरून फार तर २५. याची किंमत चालीत मोजावी लागते: दट्ट्या २० मिमी खाली गेला तर रॅम पावणेदोन मिमीच चढतो. १० सेंमी उचलायला पन्नास-पंचावन्न वेळा हँडल मारावं लागतं. कुणी ‘दहा झटक्यांत चाक वर’ असं सांगत असेल, तर तो जॅक १० टनांचा नाही.

हे तत्त्व पास्कलचं, त्यावर दाबयंत्र ब्रामाने १७९५ साली इंग्लंडमध्ये पेटंट केलं, आणि हाताने नेता येईल असा हायड्रोलिक जॅक न्यूयॉर्कच्या डजनने १८५१ मध्ये. ब्रामाचं यंत्र सुरुवातीला गळायचं. दाब वाढला की तेवढाच जास्त घट्ट बसणारं वाटीच्या आकाराचं चामड्याचं वायसर आलं तेव्हा ते चाललं, आणि ते ब्रामाकडच्या कारागीर मॉडस्लीच्या नावावर सांगितलं जातं. आज चामड्याऐवजी नायट्राइल रबर किंवा पॉलियुरेथेन असतं, पण वाटी तीच, आणि जॅक बिघडला की बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो. सव्वादोनशे वर्षांत दुखणं बदललेलं नाही.

१० टनीच का, ५ टनी का नको? हिशोब असा. चार चाकी ट्रॉली ऊस धरून १२ टन भरली, तर सपाट रस्त्यावर एका चाकावर ३ टन. पण पंक्चर सपाट रस्त्यावर होत नाही. ट्रॉली साइडपट्टीवर कललेली असते, मोळ्या मागे सरकलेल्या असतात. मागच्या उतरत्या बाजूच्या चाकावर साडेचार टन यायला वेळ लागत नाही. ५ टनी जॅक तेवढ्यात जवळजवळ संपतो. जॅक त्याच्या क्षमतेच्या निम्म्यावर चालवला तर वाटी आणि छऱ्यांच्या बैठका कित्येक हंगाम टिकतात. २० टनी घेतला तर वजन वाढतं, आणि उंची वाढते. ही उंची खरी अडचण आहे, आणि दुकानात तिचा विचार कुणी करत नाही.

ट्रॉलीचं टायर पूर्ण बसलं की एक्सल रिमवर येतो. १६ इंची रिम असेल तर एक्सलची खालची बाजू जमिनीपासून साधारण २२ ते २५ सेंमीवर उरते. म्हणजे २३ सेंमी बंद उंचीचा जॅक जेमतेम शिरतो, आणि खाली फळी ठेवली तर शिरतच नाही. म्हणून जॅक घ्यायला जाताना ट्रॉली रिकामी, हवा भरलेली असताना मोजलेली उंची सांगू नका. एका चाकाची हवा पूर्ण सोडून, त्या अवस्थेत एक्सलखाली टेप लावा. तो आकडा २२ च्या खाली असेल तर बंद उंची २० वाला शोधा. रस्त्यावर अडचण आलीच तर बसलेलं चाक आधी ७-८ सेंमी जाडीच्या फळीवर हळू चढवायचं, मग जॅक लावायचा.

फळी लागणारच, कारण आपली जमीन. गोदाकाठची, मांजराकाठची काळी माती ओली असताना जॅकखाली उभी राहत नाही. जॅकचा तळ १२ बाय १२ सेंमी धरला तर १४४ चौ. सेंमी, ३ टन भाराला दर चौ. सेंमीमागे २१ किलो दाब. ओल्या काळ्या मातीची भार पेलायची ताकद चौ. सेंमीला एक किलोच्या आगेमागे, कधी त्याहून कमी. ३० बाय ३० ची फळी घेतली तरी दाब सव्वातीन किलो, म्हणजे ती फळी जॅकसकट खाली जाणार. ६० बाय ३० सेंमी, ७-८ सेंमी जाड बाभळीचा ठोकळा घेतला तर दाब पावणेदोन किलोवर येतो. त्याखाली मुरूम किंवा बारीक दगडांचा थर ठोकून दिला की काम होतं. लोखंडी प्लेट हवी असेल तर ३० बाय ३० सेंमी, १२ मिमी जाड. तिचं वजन साडेआठ किलो भरतं, जालन्याच्या लोखंड बाजारात असे तुकडे कापून मिळतात. प्लेट डांबरी रस्त्याच्या कडेला आणि उन्हाळ्यात पाघळलेल्या डांबरावर उत्तम, पण शेतातल्या चिखलात एकटी प्लेट पुरत नाही. नुसत्या दगडावर जॅक ठेवू नये. दगड फुटतो किंवा तिरपा होतो, आणि बॉटल जॅक तिरपा झाला की रॅम एका अंगाने घासतो. तिथे पडलेला ओरखडा दर वेळी वाटी कापत राहतो.

दुकानात जॅक तपासायची रीत. रिलीज व्हॉल्व्ह, म्हणजे रॅमखालचं तेल टाकीत परत सोडणारा स्क्रू, हँडलच्या खाचेच्या टोकाने उजवीकडे फिरवून बंद करा, हाताच्या जोराने बसेल इतकाच. पान्याने आवळला तर छऱ्याची बैठक दबते. हँडल मारत रॅम पूर्ण वर न्या. चढताना तो अडखळत, थांबत चढत असेल तर आत हवा आहे किंवा तेल कमी आहे. पूर्ण वर आल्यावर रॅमच्या मानेशी बोट फिरवा: तेलाचा पातळ थर चालतो, थेंब चालत नाही. मग व्हॉल्व्ह अर्धा फेरा सोडा आणि तळहाताने रॅम दाबा. तो सावकाश, एका चालीने खाली गेला पाहिजे. मध्ये कुठे अडकला तर रॅम वाकडा आहे किंवा सिलिंडरचं आतलं काम नीट नाही. असा जॅक परत ठेवा, कितीही स्वस्त मिळो.

खरी परीक्षा भाराखाली. दुकानाबाहेर भरलेली गाडी उभी असेल आणि दुकानदार तयार असेल तर एक चाक जमिनीपासून दोन बोटं उचला, रॅमवर सिलिंडरच्या कडेशी पेन्सिलने खूण करा, दहा मिनिटं थांबा. खूण एखाद मिलिमीटर बुडाली तर जॅक घ्या. तीन मिलिमीटर बुडाली तर नको. नव्या जॅकने एवढं तरी धरून ठेवलंच पाहिजे. ही परीक्षा करू न देणाऱ्या दुकानातून जॅक घेऊ नये, असं आमचं मत आहे.

वापरताना मात्र दहा मिनिटांवरही विश्वास टाकायचा नाही. जॅक उचलतो, धरून ठेवत नाही. तेलाचा सगळा भार एका छऱ्यावर आणि रबराच्या एका वाटीवर असतो. बैठकीत वाळूचा कण अडकला तर रॅम बसायला सेकंदही पुरतो. म्हणून चाक वर आलं की एक्सलखाली लोखंडी घोडी किंवा बाभळीचे आडवे-उभे रचलेले ठोकळे द्या, जॅक किंचित सोडून भार त्यांच्यावर बसवा, आणि मगच चाक काढा. ट्रॉलीखाली डोकं घालायचं ते घोडी लागल्यावर. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक घोडी म्हणून वापरू नका, ते न वाकता एकदम फुटतात. बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, ट्रॅक्टर हुकातून सोडू नका, गिअरमध्ये ठेवा आणि ब्रेक ओढून ठेवा. चाकाचे नट उचलण्याआधी अर्धा फेरा ढिले करून घ्या. वर उचललेल्या चाकाच्या नटावर पाइप घालून झोंबलं की ट्रॉली जॅकवरून सरकते. जॅकचं डोकं एक्सलच्या सपाट भागाखाली, स्प्रिंगच्या यू-बोल्टच्या जवळ पण त्याच्या नटाखाली नाही. तिथलं ग्रीस फडक्याने पुसून घ्या. डोक्यावरचा स्क्रू वापरायचा तर आधी फिरवून एक्सलला भिडवा आणि मग पंप करा. भार आल्यावर तो फिरत नाही.

बिघाड आणि त्यांची कारणं, हा भाग जपून ठेवण्यासारखा आहे, कारण निम्मे ‘खराब’ जॅक प्रत्यक्षात खराब नसतात.

हँडल मऊ लागतं, रॅम चढतो पण भार आला की थांबतो: आत हवा. जॅक उभा ठेवून रॅम पूर्ण खाली, रिलीज व्हॉल्व्ह उघडा, तेलाचं रबरी बूच काढा, दहा-पंधरा वेळा जोरात पंप करा, बूच आणि व्हॉल्व्ह बंद करा. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. जॅक आडवा पडून राहिला की हवा शिरते, त्यामुळे ट्रॅक्टरवर पत्र्याचा डबा वेल्ड करून तो उभाच ठेवावा.

रॅम ठरावीक उंचीपर्यंतच येतो, पुढे येत नाही: तेल कमी. रॅम खाली असताना, जॅक सरळ उभा करून, बुचाच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल हवं. रॅम वर असताना तेल भरलं तर तो खाली येताना बूच उडतं आणि तेल अंगावर येतं.

हँडल सोडलं की आपोआप वर उचलतं: रॅमकडे जाणारा छर्रा नीट बसत नाही, भाराचं तेल दट्ट्याकडे परत येतंय. इथे हात सांभाळा, हँडल फटका मारतं. छर्रा काढून पुसा. बैठकीवर नवा छर्रा ठेवून, पितळी सळई टेकवून हातोडीचा एकच हलका ठोका दिला तर बैठक पुन्हा गोल होते. दोन ठोके दिले तर बिघडते.

हँडल स्थिर, पण भार हळूहळू बसतो: रिलीज व्हॉल्व्हखाली कचरा, किंवा रॅमची वाटी गेली. आधी व्हॉल्व्ह काढून धुवा, तो स्वस्तातला उपाय. तरी बसत असेल तर वाटी बदला. वाटीचं तोंड दाबाच्या बाजूला, म्हणजे खाली तेलाकडे असलं पाहिजे. उलटी बसवली तर तेलाच्या दाबाने तिचे ओठ फाकण्याऐवजी मिटतात आणि नवा माल घालूनही जॅक उचलत नाही. सुटे भाग विकणाऱ्याला जुनी वाटी दाखवूनच नवी घ्या. ‘१० टनी’ म्हटलं की दोन-तीन मापं निघतात.

तेल कोणतं? हायड्रोलिक तेल, व्हीजी ३२ (हा तेलाच्या जाडीचा आकडा). आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो तेव्हा व्हीजी ४६ घातलं तरी चालतं, थोडं जाड असल्याने गळती कमी. अर्ध्या लिटरची बाटली पुष्कळ होते. ब्रेक ऑइल कधीही नाही. डॉट ३ ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं, नायट्राइल रबर त्यात फुगून मऊ पडतं आणि आठवड्याभरात सगळी वायसरं जातात. इंजिनमधून काढलेलं काळं तेलही नको. त्यातला काजळीचा आणि धातूचा चुरा छऱ्यांखाली जाऊन बसतो. गावोगावी जॅक बिघडायचं सगळ्यात मोठं कारण हे फुकटचं तेल आहे, आणि हे सांगताना वाईट वाटतं, कारण वाचलेले पैसे एका वाटीच्या किमतीएवढेही नसतात.

बॉटल जॅक आडवा वापरता येतो, पण पंपाची बाजू खाली असेल तरच. वर असेल तर दट्ट्या तेलाऐवजी हवा ओढतो. वाकलेला पत्रा, ट्रॉलीचा फाळका सरळ करायला असा उपयोग होतो.

स्क्रू जॅक घ्यावा की हा? टायरच्या बैलगाड्यांना, ज्या घेऊन बीडकडची ऊसतोड कुटुंबं कारखान्यांवर जातात, त्यांना स्क्रू जॅकच बरा. त्याचे आटे घर्षणावर अडून राहतात, तेल नाही, वाटी नाही, कुठेही आडवा टाका. वेग कमी आणि मेहनत जास्त, पण एका चाकावर टनभरच भार असतो. भरलेल्या ट्रॉलीला स्क्रू जॅकने हात मोडतात. कारसोबत येणारा पत्र्याचा घडीचा जॅक ट्रॉलीच्या जवळपासही नेऊ नका.

‘जॅक’ या नावाखाली आणखी काय काय मागितलं जातं ते थोडक्यात, म्हणजे चुकीच्या दुकानात फेरी होणार नाही. विहीर फोडायला ट्रॅक्टरच्या कंप्रेसरवर चालतो तो जॅकहॅमर. तो काही उचलत नाही, काळ्या पाषाणात सुरुंगाची भोकं पाडतो, आणि तो भाड्याने आणतात. जॅकवेल ही विकत घ्यायची वस्तूच नाही: जायकवाडीच्या पाण्यात उभी असते ती मोठी विहीर, जिच्यावर बसवलेले पंप छत्रपती संभाजीनगरला पाणी चढवतात. सेंट्रिंगवाल्यांकडे स्लॅबखाली लावायचे स्क्रूचे टेकू मिळतात, त्यांनाही जॅकच म्हणतात. इंटरनेटच्या केबलला लावतात त्या आरजे ४५ मधला ‘आरजे’ म्हणजे रजिस्टर्ड जॅक.

सप्त्याच्या साउंडवाल्यांचा जॅक वेगळाच. टेलिफोनच्या जुन्या स्विचबोर्डवर घडीच्या चाकूसारखा मिटणारा ‘जॅक-नाइफ’ स्विच होता, त्यावरून हे नाव आलं. इंग्रजीत जॅक म्हणजे भोक आणि आत जाते ती प्लग; आपण पिनेलाच जॅक म्हणतो, त्यामुळे ऑनलाइन मागवताना उलटी वस्तू येते. ‘मेल’ की ‘फिमेल’ ते पाहा. मोठी पिन ६.३५ मिमी, मोबाइलची ३.५ मिमी. मोबाइलमधली स्टिरिओ पिन थेट मिक्सरच्या बॅलन्स्ड मोनो भोकात घातली तर अभंगाचं वाद्य ऐकू येतं आणि गायकाचा आवाज गायब होतो, कारण दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज मिक्सर वजा करतो. जॅक खराब नसतो. एका स्टिरिओ पिनेतून दोन मोनो पिना निघतात ती वायर घ्यावी लागते.

ट्रॉलीसाठी आमची शिफारस १० टनी बॉटल जॅकचीच आहे, बंद उंची २० ते २२ सेंमी असेल तर. पाचपैकी चार गुण. एक गुण कापला तो सोबत येणाऱ्या हँडलसाठी: बहुतेक कंपन्या दोन तुकड्यांचं पातळ पाइपचं हँडल देतात, ते साडेतीन टनांच्या पुढे जोडावर वाकतं. त्याच मापाचा जाड पाइप अखंड ५० सेंमी कापून घ्या, पण त्याहून लांब नको. लांब हँडलने दट्ट्याची पिन तुटते. खरेदीतच रॅमची वाटी, दट्ट्याची ओ रिंग आणि दोन्ही छर्रे यांचा सीलचा संच मागून घ्या आणि तेलाच्या बाटलीसोबत एका पिशवीत ट्रॅक्टरवर ठेवा. हंगाम चालू असताना, रात्री कारखान्याच्या वाटेवर, ही दुकानं उघडी नसतात.